प्लग काढलेला होता

प्लग काढलेला होता, हे थोरलीचं जन्माचं पालुपद होतं. बापाचा विषय कुठूनही निघो, गाडी शेवटी तिथेच येऊन थांबायची. धाकट्या बहिणीला ते इतकं पाठ झालं होतं, की ताईने तोंड उघडायच्या आत ती म्हणायची, "हो गं बाई, काढलेला होता. जमिनीवर पडला होता, तू तो ओलांडून गेलीस. पुढे?" पुढे फार काही नव्हतं. पुढे थप्पड होती.

बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. आयुष्यात एक दिवस शाळेत शिकवलं नव्हतं, तरी लोक त्यांना मास्तर म्हणायचे. काम करताना उजवा हात तारांमध्ये आणि डावा पँटच्या खिशात, अशी त्यांची बसायची ऐट. आई चिडवायची, "देवाने लाटसाहेबांना दोन हात दिलेत, त्यातला एक शोभेचा." गिऱ्हाइकांची कामं उरकली, की मास्तर स्वतःसाठी एक अँप्लिफायर बांधत बसायचे. जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हचा. चालू केल्यावर काचेच्या नळ्या हळूहळू तापायच्या, आत तांबूस उजेड दिसायचा आणि मग कुठे आवाज यायचा. थोरली तेव्हा दुसरीत होती. एका दुपारी ती दुकानात शिरली तर तो अँप्लिफायर बेंचवर पालथा पडलेला, पोट उघडं, बरेचसे व्हॉल्व्ह काढून टॉवेलवर मांडलेले. आत रंगीत तारा कशा, तर आईच्या शिवणाच्या डब्यातल्या रिळांसारख्या नीट लावलेल्या. प्लग लावलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, असं आईने शिकवलं होतं. गुणी पोरीने आधी प्लग शोधला. तो जमिनीवर पडला होता. मग तिने हात पुढे केला.

पहिला फटका हातावर बसला, दुसरा गालावर. बाकावर गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर. बाप एक अक्षर बोलला नाही. त्याचा चेहरा रागाने पांढराफटक पडला होता, एवढं तिला आठवायचं. त्याने नुसतं दाराकडे बोट केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दाराला उंचावर कडी बसली.

नुसती थप्पड असती तर थोरली विसरलीही असती. मार कुणाला चुकलाय? पण काही वर्षांनी दुकानात एक परका मुलगा शिकायला आला आणि त्याच बेंचवर जाऊन बसला. मास्तर त्याला पठ्ठ्या म्हणायचे. पठ्ठ्याने कथलाचा डाग द्यायचा कैया हातात धरला, पठ्ठ्याने तारा सोलल्या, पठ्ठ्या मास्तरांच्या ताटाला ताट लावून जेवला. घरची लेक कडीच्या बाहेर आणि आयत्या बिळावर हा नागोबा! थोरलीने चडफडत शिवणाचं मशीन जवळ केलं आणि पुढे त्यावरच पोट भरलं. पडदे, गणवेश, कोट, काय म्हणाल ते. शहरातले लोक तिच्या टाक्यांची वाखाणणी करायचे. बापाने कधी केली नाही. पण तिनेही कधी बापाला काही दाखवलं नव्हतं, हे मात्र ती सोयीस्करपणे विसरायची.

आता ते सगळं जुनं झालं होतं. आई गेली होती, दुकान बंद पडून जमाना लोटला होता. पठ्ठ्या दुसऱ्या गावी सभा-समारंभांना लाउडस्पीकर पुरवत होता. मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. जो हात थोरलीच्या गालावर पडला होता, तो आता चादरीवर निपचित पडून असायचा. डावा तेवढा चालायचा. धाकटी पहिल्यापासून त्यांच्याजवळच राहत होती. तिच्या एकटीच्याने उचलणं-बसवणं होईना, तेव्हा थोरली मशीनसकट माहेरी येऊन राहिली. डॉक्टरांनी दोघींना बाहेर बोलावून सांगितलं, की आता औषध म्हणजे नावाला, त्यांना आवडेल ते करा.

"काय आवडतं त्यांना?" थोरलीने विचारलं. ती पोटची मुलगी, आणि हे तिला धाकटीला विचारावं लागलं.

धाकटीने फळीकडे बोट केलं. पलंगासमोरच्या फळीवर कापडाखाली तो अँप्लिफायर बसला होता. मास्तरांचे हात कापायला लागले त्या सुमारास तो बिघडला, आणि तेव्हापासून मुका होता. "दिवसभर त्याच्याकडेच बघत असतात," धाकटी म्हणाली. "आईच्या आवडीच्या तबकड्या, रेकॉर्ड प्लेअर, सगळं अजून आहे. पण हे दुरुस्त करणारं आता कोण उरलंय? एकाला दाखवला, तर तो म्हणाला, छान दिसतो, यात दिवा बसवा."

"मी करते."

"तू?" धाकटीला त्या परिस्थितीतही हसू फुटलं. "ताई, तुझ्या मशीनचा दिवा गेला तर तू शेजारच्यांना हाक मारतेस."

"शिकेन. इतकं काय अवघड आहे? पठ्ठ्याला जमलं ना!"

बाप जायच्या आत त्याचा अँप्लिफायर त्याला ऐकवायचा, असं तिने मनाशी ठरवलं. हे झालं सांगण्यापुरतं. खरं सांगायचं तर त्याच्यासमोर उभं राहून एकदा म्हणायचं होतं, की बघा, मला जमत होतं. वेळ थोडा होता, आणि ही गोष्ट तो गेल्यावर म्हणून उपयोग नव्हता.

तिने नाक मुठीत धरून पठ्ठ्याला फोन लावला. तिकडून आनंदाने ओरडण्याचा आवाज आला. "ताई! तुम्ही उघडणार मास्तरांचा सेट? देव पावला! हे बघा, मी हंगामात अडकलोय, लगेच येता येणार नाही. पण तुम्ही करा, मी सांगत जातो. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. काम संपेपर्यंत डावा हात खिशात. आणि प्लग काढला की एक कप चहा प्यायचा, सावकाश, मगच आत हात घालायचा."

"चहा कशाला?"

"ते विचारू नका. मास्तरांची शिस्त आहे. बेंचवर बसून अभद्र बोलायचं नाही, ही पण त्यांचीच शिस्त."

थोरलीने कपाळाला हात लावला. यांच्या दुकानात विज्ञान कमी आणि सोवळंओवळं जास्त, असं तिला वाटलं. शिवाय तिच्या कपड्यांना खिसा नव्हता. दुसऱ्यांच्या कोटांना जन्मभर खिसे लावले, पण स्वतःला एक शिवला नाही. तिने डावा हात कमरेशी खोचल्यासारखा धरायचा प्रयत्न केला आणि थोड्या वेळात ती ते विसरून गेली. चहा मात्र प्यायची, कारण तो तिला तसाही लागायचा.

नवशिक्याला आधी जे सुचतं तेच तिला सुचलं. दिसायला सुंदर ते बदलायचं. मास्तरांच्या खणात जुन्या पुठ्ठ्यांत व्हॉल्व्ह जपून ठेवलेले होते. तिने सगळे बदलले आणि प्लग लावला. नळ्या तापल्या, तांबूस उजेड दिसला, आणि स्पीकरमधून नुसतीच घरघर सुरू झाली. गाणं त्या घरघरीच्या मागे कुठेतरी, खोल विहिरीत कुणी बोलावं तसं.

"ताप आला म्हणून टोपी बदलली तुम्ही," पठ्ठ्या फोनवर हसला. "घरघर म्हणजे कंडेन्सर. ते मोठे डबे असतात ना, ते. वीज साठवून सारखी करून पुढे सोडायचं काम त्यांचं. म्हातारे झाले की सुकतात. मी नवे पाठवतो."

नवे कंडेन्सर येईपर्यंत ती डाग द्यायला शिकली. कैया तापवायचा, तार आधी गरम करायची, मग कथील टेकवायचं. उलट केलं तर डाग वरून छान दिसतो आणि आतून सुटा राहतो. पहिल्या दिवशी तिने बोट भाजून घेतलं. दुसऱ्या दिवशी बापाच्याच बेंचवर बसून तिने फुकट गेलेल्या तारांचे तुकडे एकमेकांना जोडले आणि त्यांना टाक्यांसारखं तपासत बसली. हात शिवणारे होते. लवकर वळले. बेंचच्या कडेला जिथे बापाचं कोपर टेकून टेकून लाकूड गुळगुळीत झालं होतं, तिथेच तिचंही कोपर टेकायचं. हे लक्षात आल्यावर ती थोडी बाजूला सरकून बसली.

मास्तरांना पलंगावरून दुकानाची खोली दिसत नव्हती. आवाज ऐकू यायचा. धाकटी सांगायची, की कथलाचा वास आला की बाबा डोळे मिटून लांब श्वास घेतात.

अँप्लिफायर पालथा करून थोरलीने पहिल्यांदा नीट बघितला, तेव्हा तिने दिवा जवळ ओढला. कपडा उलटा करून शिवण बघितली की शिवणारा कळतो. एकेक तार काटकोनात वळवलेली, एकेक डाग मोत्याएवढा. तिच्या बापाने हे केलं होतं आणि तिला ते या वयात दिसत होतं. फक्त एका जागी तिची नजर अडखळली. मोठ्या कंडेन्सरच्या दोन टोकांवर दोन जाडे, तपकिरी रेझिस्टन्स आडवे टाकले होते. शेजारी शेजारी, एकसारखे दोन. त्यांचे डाग बेढब, ओघळलेले, घाईत दिल्यासारखे. बाकीच्या कामाशी त्यांचा काही मेळ नव्हता. हे नंतर लावलेलं ठिगळ आहे, हे तिने लगेच ओळखलं. त्यात तिची मुळीच चूक झाली नव्हती.

नवा कंडेन्सर त्या जागेत बसेना. तिने पक्कड घेतली आणि ते दोन्ही कापून काढले. पठ्ठ्याला विचारायचं तिच्या मनात आलं होतं. पण प्रत्येक टाका त्याला विचारून घालायचा, तर मग शिकले काय, असा अभिमान आडवा आला. नवे डबे बसवले, डाग दिले, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं आणि प्लग लावला. घरघर गेली होती. तिचा लवलेश उरला नव्हता. त्या दोन तुकड्यांवाचून काही अडलं नाही, तेव्हा ते फालतूच होते, अशी तिची खात्री झाली.

अँप्लिफायर उचलून दोघी बहिणींनी पलंगासमोरच्या फळीवर ठेवला. दुपार होती. धाकटीने आईच्या आवडीची तबकडी लावली. नळ्या तापेपर्यंतची ती शांतता थोरलीला फार लांब वाटली. मग एक बाई गायला लागली, इतकी जवळून, की धाकटीने तोंडावर पदर धरला. मास्तरांचे डोळे उघडे होते. ते गाण्याकडे बघत होते, असंच म्हणायला हवं. डाव्या हाताची बोटं चादरीवर हलकेच ताल धरत होती. एका कडेला वळलेल्या तोंडावर हसू असं येत नव्हतं, पण अर्ध्या भागात ते आलं होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहून उशीत जात होतं. थोरलीलाही भरून आलं. त्या क्षणी ती तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं.

पण तिला म्हणायचं होतं. ती दुकानात गेली आणि काढलेले भाग ज्या बशीत ठेवले होते ती बशी घेऊन आली. सुकलेले कंडेन्सर, जळके तुकडे, तारांची कापलेली टोकं. पलंगाच्या कडेला बसून तिने बशी बापासमोर धरली.

"बघा बाबा, हे सगळं खराब झालेलं मी काढलं. मी एकटीने. तुम्ही मला कधी हात लावू दिला नाहीत ना? मला जमत होतं."

मास्तरांनी बशीत बघितलं. नजर एका जागी थांबली. ताल धरणारी बोटं थांबली. मग त्यांचा तो डावा हात, जन्मभर खिशात बसलेला, एकदम उठला आणि त्याने थोरलीचं मनगट पकडलं. आजारी माणसाला एवढा जोर कुठून आला कोण जाणे. बशी कलंडली, तुकडे चादरीवर सांडले. घशातून शब्द नसलेला आवाज येत होता. ते तिचा हात फळीपासून दूर, स्वतःकडे ओढत होते, आणि चेहरा पांढराफटक पडला होता. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता.

"अजूनही?" ती ओरडली. "अजूनही मी हात लावलेला चालत नाही तुम्हाला? मरताना पण नाही?"

तिने हिसका देऊन मनगट सोडवून घेतलं. धाकटी "ताई, ताई" करत मधे आली. थोरलीने अँप्लिफायर बंद केला, तबकडी अर्ध्यातच राहिली, आणि ती जाऊन मशीनवर बसली. मागून तो आवाज बराच वेळ येत होता. धाकटीने पाणी पाजलं, पाठ चोळली, तरी थांबेना. थोरलीने मशीनचं चाक जोरात फिरवलं. पडद्याची शिवण चालू असली की दुसरं काही ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी तोंड पुसायला गेली, तर बाबा गेलेले होते. डावा हात पलंगाबाहेर लोंबत होता, फळीच्या दिशेने.

लोक आले, लोक गेले. "सुटले" म्हणाले. थोरलीचे डोळे कोरडेच राहिले. धाकटीने तिला हलवून हलवून सांगितलं, रड गं, रड. पण रडायला आधी रागातून बाहेर यावं लागतं, आणि तिच्या मनगटावर अजून बोटांचे वळ होते.

पठ्ठ्या हंगाम टाकून आला. केस पांढरे झालेला, ढेरी सुटलेला हा माणूस दारात उभा राहून पोरासारखा हुंदके देत होता. रिकाम्या पलंगाला डोकं टेकवून झाल्यावर तो डोळे पुसत म्हणाला, "ताई, सेट बघू? तुमच्या हातचं काम बघायचंय."

त्याने अँप्लिफायर दुकानात नेला, सवयीने बेंचवर टॉवेल अंथरला आणि पालथा केला. एकेक डाग बघत तो मान डोलवत होता. "वा! काय हात आहे! मास्तरांचाच हात हो हा." थोरलीला ते ऐकायला आवडलं नाही. आवडलं, म्हणूनच आवडलं नाही. मग पठ्ठ्याची मान डोलायची थांबली.

"ताई, इथले दोन रेझिस्टन्स कुठे गेले?"

"ते ठिगळ? काढलं मी. जागा अडत होती. त्याच्यावाचून छान वाजतो की."

पठ्ठ्याने तिच्याकडे असं बघितलं, की तिने नकळत खुर्चीचा आधार घेतला. एक सोडून बाकीचे व्हॉल्व्ह त्याने उपसून टॉवेलवर ठेवले, प्लग लावला, थोडा वेळ थांबला, बंद केला, आणि प्लग उपटून तिला दिसेल असा जमिनीवर टाकला. डावा हात खिशात होता. मग त्याने मास्तरांचा वीज मोजायचा काट्याचा मीटर ओढला, काळी तार सेटच्या पत्र्याला चिमट्याने अडकवली, लाल तार उजव्या हाताने कंडेन्सरच्या टोकाला लावली आणि ती टिकून राहील अशी ठेवून हात मागे घेतला.

काटा सपकन वर गेला आणि तिथेच उभा राहिला.

"पण प्लग काढलाय," थोरली म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून किती सहज आलं!

"प्लग काढून काय होतंय? कंडेन्सर भरलेला आहे. भिंतीतली वीज गेली, डब्यातली कुठे जाणार? व्हॉल्व्ह जागेवर असले तर त्यांच्यातून थोडीफार ओसरते. काढलेले असले तर तशीच बसून राहते, वाट बघत. मोठ्या माणसाला फेकून देईल, ताई. लहान पोराला..." पठ्ठ्याने वाक्य सोडून दिलं. "डावा हात खिशात का? एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडली, तर मधे काळीज लागतं, म्हणून. आणि ते दोन जाडे रेझिस्टन्स, ते डब्यातली वीज मुकाट्याने जिरवायचे. चहा पिऊन होईपर्यंत डबा रिकामा. मला वाटलं ते आहेत. ते नसतील असं माझ्या स्वप्नात सुद्धा आलं नाही. मीच मूर्ख, मी सांगायला हवं होतं."

"दोन कशाला?" तिने विचारलं.

"मीपण विचारलं होतं. सगळे एकच लावतात, लावला तर. मास्तर प्रत्येक सेटला दोन लावायचे. एक जळाला तर दुसरा हवा म्हणून. एकदा मी आळस केला आणि एकच लावून सेट दिला. मास्तर भर उन्हात सायकलवरून गिऱ्हाइकाच्या घरी गेले आणि दुसरा लावून आले. परत आल्यावर मला म्हणाले, घरात पोरं असतात. माझ्या थोरलीचा हात आत जाता जाता राहिला. एवढंच बोलले, पुन्हा कधी तो विषय काढला नाही. अभद्र बोलायचं नाही ना." पठ्ठ्याने कंडेन्सरकडे बोट केलं. "हे दोन त्यांनी त्याच दिवशी लावले असणार, ताई. डाग बघितलेत ना तुम्ही? हात थरथरत असणार त्यांचा."

तो तोंडावर पाणी मारायला मागच्या नळाकडे गेला.

थोरली बेंचसमोर उभी राहिली. काटा वरच होता. नवे डबे, दमदार, तिनेच बसवलेले. तिला आठवत होता तो चेहरा, दुकानातला आणि पलंगावरचा, दोन्ही एकच. पांढरा. तिने जन्मभर त्याला राग म्हटलं होतं. बशीतले ते दोन तुकडे बघून त्या माणसाला कळलं होतं, की पोरगी पुन्हा तिथेच हात घालते आहे. आणि सांगायला जीभ नव्हती, मारायला उजवा हात नव्हता. उरलेल्या एका हाताने त्याने तिला धरून ठेवलं होतं, आणि तिने हिसका दिला होता. वर त्याला मरणाचं बोलली होती. मग कितीतरी वेळ तो तसा आवाज काढत राहिला, आणि ती मशीन चालवत राहिली.

ते तुकडे धाकटीने चादर झटकताना डबीत भरून ठेवले होते. थोरलीने डबी उघडली, दोन्ही जाडे रेझिस्टन्स तळहातावर घेतले आणि त्यांना बघत राहिली. एका टोकाला अजून तो जुना, ओघळलेला डाग होता.

तेवढ्यात धाकटी आत आली. हातात ओलं फडकं. तिला दुःखात सुचायचं ते एकच, पुसणं. घर गेले काही दिवस आरशासारखं लखलखत होतं. "किती धूळ गं ताई इथे," असं काहीतरी पुटपुटत ती बेंच पुसायला लागली. आणि अँप्लिफायर जरा बाजूला सरकवावा म्हणून तिने ओल्या फडक्यासकट हात पुढे केला, थेट त्या उघड्या पोटाकडे.

थोरलीला आपण काय केलं ते केल्यानंतर कळलं. पहिला फटका हातावर बसला होता, फडकं भिंतीवर जाऊन आपटलं होतं. दुसरा गालावर.

धाकटी गाल धरून उभी राहिली. केस पिकलेली बाई, तिचा खालचा ओठ लहान मुलीसारखा थरथरायला लागला. "मारलंस?" ती म्हणाली. "ताई, तू मला मारलंस? मी काय केलं? प्लग तर काढलेला आहे, तो बघ."

प्लग जमिनीवर पडला होता.

थोरलीला बोलायचं होतं, पण शब्द येत नव्हता. चेहरा कसा झाला असेल ते आरशाशिवाय कळत होतं. एवढं कारण तयार होतं सांगायला, पठ्ठ्याने नुकतंच समजावून दिलेलं, तरी तोंड उघडेना. नुसतं दाराकडे बोट करावं, आणि धाकटीने आधी त्या खोलीबाहेर जावं, बाकी सगळं नंतर, एवढंच वाटत होतं. तिचं बोट दाराकडे उचललंही गेलं होतं.

ते तिने खाली घेतलं. बहिणीचे दोन्ही हात घट्ट धरून तिने तिला बेंचपासून ओढून लांब नेलं, जिथे पूर्वी गिऱ्हाइकांचा बाक असायचा तिथपर्यंत, आणि तिला छातीशी धरून तिथेच जमिनीवर बसली. आणि मग ती रडायला लागली, इतक्या मोठ्याने, की पठ्ठ्या नळ तसाच सोडून धावत आला.

"मारलं नाही गं," ती म्हणत होती. "मारलं नाही. मी घाबरले. मी घाबरले गं, घाबरले."